भिंतीवर कुणाचा चेहरा? ‘इन्साइड आउट’ हा कला प्रकल्प नेमका काय आहे?

मुंबईच्या भिंतींवर चेहऱ्यांना तोटा नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकांवर नेते असतात, सिनेमाच्या पोस्टरवर नट-नट्या असतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये मात्र वेगळे चेहरे दिसले. रोज पहाटे तिथे मासळीच्या व्यवहारासाठी येणाऱ्या कोळी समाजातल्या लोकांचे मोठे कृष्णधवल फोटो गोदीच्या इमारतीवर लावले होते.

‘स्टार्ट इंडिया फाउंडेशन’ने भरवलेल्या कला महोत्सवाचा तो भाग होता. फोटोंची कल्पना मात्र ‘इन्साइड आउट’ या जागतिक प्रकल्पाची.

सुरुवात कशी झाली?

जेआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच कलाकाराने २०११ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्या वर्षी त्याला ‘टेड प्राइझ’ मिळालं होतं.

त्याची मुळं पॅरिसच्या उपनगरांत आहेत. २००५ मध्ये तिथे दंगली झाल्या. बातम्यांमध्ये तिथले तरुण फक्त दंगेखोर म्हणून दिसत होते. जेआरने अगदी जवळ जाऊन त्यांचे वेडीवाकडी तोंडं केलेले फोटो काढले आणि पॅरिसच्या श्रीमंत वस्त्यांमध्ये चिकटवले. ज्यांना शहर आपलं मानत नव्हतं, तेच भिंतीवरून शहराकडे बघू लागले.

लोकांचा सहभाग कसा असतो?

‘इन्साइड आउट’मध्ये विषय कलाकार ठरवत नाही. एखादा गट आपल्याला काय सांगायचं आहे ते ठरवतो आणि लोकांचे फोटो काढून पाठवतो. त्यांची पोस्टर छापून येतात. साधारण तीन फूट रुंद आणि साडेचार फूट उंच अशा या पोस्टरवर फक्त चेहरा असतो, कंपनीची जाहिरात नसते. मग ती लावण्याचं काम तो गटच करतो.

आतापर्यंत १०० हून अधिक देशांमधले लाखो लोक यात सहभागी झाले आहेत. अमेरिकेतल्या स्टँडिंग रॉक भागातल्या मूळनिवासींनीही आपले चेहरे असेच लावले. आम्ही अजून इथेच आहोत, हे त्यांना सांगायचं होतं.

सगळ्यांनाच हे आवडतं का?

नाही. ट्युनिशियात २३ वर्षं सत्तेत असलेले बेन अली जानेवारी २०११ मध्ये देश सोडून पळाले. जिथे तिथे त्यांचेच फोटो असायचे. तिथल्या छायाचित्रकारांनी १०० सामान्य नागरिकांचे फोटो काढून अशा जागी लावायला घेतले. काही ठिकाणी लोकांनी ती पोस्टर फाडून टाकली. भिंतीवर पुन्हा फोटोच कशाला, आणि याच लोकांचे का, यावरून रस्त्यातच वाद झाले.

पोस्टर फाटली, पण प्रयोग फसला असं म्हणता येत नाही. काही महिन्यांपूर्वी असा वाद उघडपणे घालणंही तिथे कठीण होतं. भिंत कुणाची, हे लोक आता आपसात ठरवू पाहत होते.

मुंबईत याचा अर्थ काय?

कोळी हे मुंबईचे मूळ रहिवासी मानले जातात. ससून डॉक १८७५ पासून आहे. तरीही अनेक मुंबईकरांच्या मनात या जागेची ओळख ‘मासळीचा वास’ एवढीच असते. महोत्सवाच्या निमित्ताने अनेक जण पहिल्यांदाच गोदीत आले. आपण खातो ती मासळी कुणाच्या हातून येते, हे त्यांना भिंतीवरच दिसलं.

या चित्रातही सगळे मावत नाहीत. गोदीत कोळंबी सोलायला बसणाऱ्या बायकांमध्ये बाहेरगावाहून आलेल्या, इतर समाजांतल्या बायकाही आहेत. गोदी त्यांचीही आहे का? मूळचे कोण आणि नंतर आलेले कोण, हा मुंबईचा जुना वाद इथेही आहेच.

मग फोटो लावून काय साधतं?

फोटोने जमिनीचा हक्क मिळत नाही. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न सरकारी कागदपत्रांतच सुटायचा आहे. शिवाय खळीने चिकटवलेला कागद एका पावसाळ्यातही निघून जातो.

पण रोज ज्याच्याकडे न बघता आपण पुढे जातो, तो माणूस भिंतीवर दिसला की पाय थांबतात. ‘हा कोण?’ असं कुणीतरी शेजारच्याला विचारतं. भिंतीवरचा तो माणूस अनेकदा तिथेच, पाटी घेऊन उभा असतो. उत्तर त्यालाच विचारता येतं.