अनुभव आणि जाणकारी

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी दात पाहतो, चालवून पाहतो, मगच दाम ठरवतो. वायरमनची पारख मात्र आपण एकाच प्रश्नाने करतो : ‘किती वर्षे काम करता ?’ वर्षे मोलाची खरीच. पण ती काय शिकवतात?

विहिरीवरचा स्टार्टर वारंवार ट्रिप होतो. एखादा कारागीर ओव्हरलोड रिले वगळून जोडणी थेट करतो. मोटार चालते, मालक खूश होतो, आणि कारागिराला आपले बरोबर ठरल्याचा ‘अनुभव’ मिळतो. पुढे एक फेज गेली की उरलेल्या दोहोंतून जादा प्रवाह वाहतो, अडवणारे कोणी नसते, आणि वाइंडिंग जळते. अर्थिंगचेही तसेच. ते नसले तरी मोटार पाणी देतेच. उणीव कळते ती दोष असलेल्या पेटीला ओला हात लागल्यावर.

नोकरीत काम तपासणारा वरिष्ठ असतो. स्वतंत्र धंद्यात तो नसतो. म्हणून वीजतंत्रीचे २ वर्षांचे शिक्षण आणि शासनाचा परवाना यांना आम्ही कागद समजत नाही. पण तेवढ्यावरही थांबू नये. यापुढे वायरमनला वर्षे विचारा, आणि हेही विचारा : ‘अर्थिंग मोजले का ? किती ओहम आले ?’ उत्तर आकड्यात आले, तर अनुभवाला जाणकारीची जोड आहे असे समजावे.