कापसाच्या मैदानावर रेशमाचे दुकान

मुंबईच्या कोट विभागात टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर उभे राहिले की समोर हॉर्निमन सर्कलच्या इमारतींचा वर्तुळाकार घेर दिसतो. खाली कमानींची सलग पडवी आणि मधोमध बाग असे त्याचे रूप आहे. 1872 मध्ये पूर्ण झालेल्या या घेराला आरंभी एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. पुढे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव त्याला मिळाले.

त्याही आधी येथे मोकळे मैदान होते आणि त्यावर कापसाच्या गाठींच्या राशी पडत. 1844 मध्ये हा व्यापार कुलाब्याकडे हलविण्यात आला, पण दलाल गेले नाहीत. टाऊन हॉलसमोरच्या वडाच्या सावलीत त्यांचे शेअरचे सौदे चालू राहिले. सुरतेत 1831 साली जन्मलेले जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद याच वर्तुळात मोठे झाले. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपले, भाव कोसळले. 1 जुलै 1865 हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता. 2850 रुपयांवर गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे 87 रुपयांना विकावा लागला. प्रेमचंदांची पेढीही बुडाली. मात्र तेजीच्या दिवसांत त्यांनी दिलेल्या दानातून मातुश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला. दृष्टी गेलेल्या मातुश्रींना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळावी म्हणून हे घड्याळ, असे आजही सांगितले जाते.

परदेशी उंची वस्त्रांची दुकाने मुंबईत प्रथम पंचतारांकित हॉटेलांच्या आश्रयाने आली. एकाच नाममुद्रेचा माल विकणाऱ्या दुकानांत सरकारने 2006 मध्ये 51 टक्के परकीय भांडवलास परवानगी दिली. 2011 मध्ये पॅरिसच्या एर्मेस कंपनीने हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली दुकान थाटले आणि त्याच वर्षी भारतासाठी मोजक्या साड्याही काढल्या. 2023 मध्ये सब्यसाची मुखर्जी यांचे भव्य दालन याच परिसरात, बँकेच्या एका जुन्या इमारतीत उघडले. लग्नाच्या खरेदीसाठी हॉटेलची पायरी चढण्याऐवजी कुटुंबे आता या फुटपाथवर गाडीतून उतरतात.

सुताचा नंबर आणि मीटरचा दर तोंडपाठ असलेल्या कापडव्यापाऱ्याला येथील किंमत प्रथम हास्यास्पद वाटते. कापडाच्या हिशेबाने ती हास्यास्पद आहेच! पण येथे विकले जाते ते नाव, आणि नावाची किंमत किती असते हे पेढी चालविणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. परिग्रहाला मर्यादा घालणाऱ्या श्रावकापुढे खर्चाचा प्रश्न आहेच. त्याहून अवघड प्रश्न मालाचा आहे. 1837 मध्ये घोड्यांचे साज करणारी म्हणून सुरू झालेली एर्मेस ज्या दोन वस्तूंसाठी जगभर ओळखली जाते, त्यांपैकी एक कातड्याची पिशवी आणि दुसरी रेशमी रुमाल. कातडे तर उघडच वर्ज्य. रेशमाकडे मात्र अनेक घरांत काणाडोळा होतो, विशेषतः शालू निवडताना. अखंड धागा मिळावा म्हणून पतंग बाहेर पडण्यापूर्वीच कोशातील जीव वाफेने किंवा उष्णतेने मारतात. पतंग निघून गेलेल्या कोशापासून काढलेले अहिंसा रेशीमही मिळते, पण तुटलेले तंतू कातावे लागत असल्याने त्याची झळाळी कमी असते. नववधूला ती झळाळीच हवी असते, आणि आजी पोत चाचपून विचारतात, “हे कशाचं गं?”