टिकलीचा गोंद आणि कपाळावरचा पांढरा डाग

कपाळाच्या मधोमध, टिकली लावतात नेमक्या त्याच जागी पांढरा डाग उठला की घरात धास्ती बसते ती कोडाची. शेजारीपाजारी तर कुष्ठरोगाचेही नाव घेऊन मोकळे होतात. मुलगी लग्नाची असेल तर चालून आलेले स्थळ परत जाण्याची भीती. मग डाग झाकण्यासाठी त्यावर आणखी मोठी टिकली लावली जाते आणि दुखणे वाढते. पुष्कळदा या डागाचे मूळ रक्तात नसते, आहारात नसते, कोणाच्या पापातही नसते. ते टिकलीच्या पाठीवरच्या गोंदात असते.

आपल्यापैकी काही घरांत टिकली लावतात, काहींत लावत नाहीत. त्या वादात आम्ही येथे पडत नाही. परंतु याच जातीचा गोंद चपला-बुटांतही वापरतात, तेव्हा टिकली न लावणाऱ्यांनीही पुढे वाचावे.

पूर्वी बायका कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू टेकवीत. ते मेण मधमाश्यांच्या पोळ्यातले असे. पुढे चिकट टिकली आली. घामाने ओघळत नाही, स्वस्त मिळते, जत्रेत हव्या त्या रंगाची मिळते, त्यामुळे ती घरोघर गेली यात नवल नाही. तिच्या मागे जो चिकट थर असतो त्यात कृत्रिम राळ वापरली जाते. अशा राळेला शास्त्रात बहुवारिक म्हणतात. लहान लहान रेणू साखळीच्या कड्यांप्रमाणे एकमेकांत गुंतवून ती तयार होते. टिकलीच्या गोंदात सापडलेली एक राळ पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल-फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बनते. लांबलचक साखळी कातडीतून सहसा आत शिरत नाही. अडचण आहे ती साखळीत न गुंतता मोकळ्या राहिलेल्या फिनॉलची. तो रेणू लहान असतो आणि कातडीतून आत जातो.

आत गेल्यावर काय होते? आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. टायरोसिन नावाच्या द्रव्यापासून त्या रंग बनवितात. हा मोकळा फिनॉल दिसायला टायरोसिनसारखा. पेशी फसते, त्यालाच कामाला घेते, त्यातून विषारी द्रव्य तयार होते आणि पेशी मरते. पेशी गेली की रंग गेला. कित्येकदा आधी खाज सुटते, लाली येते. पण काहीही न खाजता, न दुखता सरळ पांढरे पडणे हेही घडते, आणि तेच अधिक फसवे. अलाहाबादचे (आताचे प्रयागराज) त्वचारोगतज्ज्ञ डॉ. ए. के. बजाज व त्यांच्या सहकाऱ्यांनी टिकलीच्या गोंदातील मोकळ्या फिनॉलने कातडी पांढरी पडते हे १९९० साली प्रसिद्ध केले. जपानमध्ये २०१३ साली गोरेपणाच्या क्रीममधील रोडोडेंड्रॉल या फिनॉलजातीच्या द्रव्याने हजारो लोकांच्या अंगावर असेच डाग पडले आणि कंपनीला माल बाजारातून परत घ्यावा लागला.

उन्हातान्हात, घामाने भिजलेल्या कातडीतून अशी द्रव्ये अधिक सहज आत जातात. आळंद-कलबुर्गीकडे तुरीच्या खुरपणीला किंवा भालकी-हुमनाबादकडे उसाच्या फडात दिवस काढणाऱ्या बाईच्या कपाळावर तीच टिकली, त्याच जागी, रात्रंदिवस असते. आरशाला चिकटवून ठेवून पुन्हा पुन्हा वापरण्याची सवय तर घरोघरची. रात्री टिकली काढावी, गोंदाचा थर खोबरेल तेलाने सैल करून साबणाने धुवावा. खाज आली किंवा जागा फिकट दिसू लागली की टिकली त्याच दिवशी बंद. तान्ह्या बाळाला तर ती लावूच नये. टिकली सोडून कुंकू लावले म्हणजे सगळे निर्धोक, असेही नव्हे. बाजारच्या कुंकवात कृत्रिम रंग असतात, आणि पुदुच्चेरीच्या डॉक्टरांनी २००७ साली कुंकवाने त्वचा बिघडलेल्या ४६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती.

पायावर पट्ट्याच्या रेषेत पांढरे डाग पडले तर चपलेचा संशय घ्यावा.

डाग पाहून घरच्या घरी निदान करू नये. गोंदाचा डाग खडूसारखा पांढरा असतो, पण तेथे स्पर्श कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असून तेथे स्पर्श, ऊन-थंड कळेनासे होते. तसे वाटल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. औषध मोफत मिळते आणि रोग बरा होतो. गोंदाचा संशय असेल तर बिदरचे ब्रिम्स किंवा कलबुर्गीचे जिम्स येथील त्वचाविभागात दाखवावे. जाताना टिकलीचे कार्ड बरोबर न्यावे. संशयित पदार्थाच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस चिकटवून डॉक्टर परीक्षा करू शकतात. टिकली बंद केल्यावर काहींचा रंग परत येतो, काहींचा येत नाही. क्वचित डाग इतरत्रही पसरतात. म्हणून उशीर नको.

आता कायद्याकडे वळू. मोकळा पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल-फिनॉल युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत निषिद्ध आहे. आपल्याकडे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, आणि डिसेंबर २०२० मध्ये सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम आले. शोभेसाठी अंगाला लावायची वस्तू ती सौंदर्यप्रसाधन, अशी कायद्याची व्याख्या आहे. टिकली तीत बसते, असे आमचे मत. पण नियमांत एक फट आहे. घटकांची यादी ३० ग्रॅमपेक्षा लहान पुड्यावर छापण्याची सक्ती नाही. टिकलीचे कार्ड भरते किती? चार-दोन ग्रॅम. म्हणजे ज्या वस्तूचा गोंद दिवसभर कातडीला चिकटून राहतो, तिच्यात काय आहे हे घेणारीला कळण्याची सोयच नाही. वजनाऐवजी ती कातडीवर किती तास राहते, हे पाहून नियम करायला हवा होता.

तरीही खरेदी करताना कारखानदाराचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक पाहावा. काहीच छापलेले नसेल तर ते कार्ड ठेवून द्यावे, मग त्यावर ‘वैद्यकीय दर्जाचा गोंद’ असे सोनेरी अक्षरांत का लिहिलेले असेना. त्याच कायद्याच्या २६ व्या कलमाने कोणाही ग्राहकाला विकत घेतलेले सौंदर्यप्रसाधन ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते. वस्तू कोठून व केव्हा घेतली आणि तपासणी का हवी, हे अर्जात लिहावे लागते. अर्ज कसा व कोठे द्यायचा हे जिल्ह्याच्या औषध नियंत्रण कार्यालयात विचारावे. त्यासाठी डाग पाडणाऱ्या टिकलीचे कार्ड चुलीत टाकू नये, आणि त्याच दुकानातून त्याच नावाचे एक न उघडलेले कार्डही घेऊन ठेवावे.