लोणावळ्यातील एकदिवसीय पर्यटन

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील लोणावळा शहराला व त्याच्या परिसराला मुक्काम न करता, काही तासांसाठी दिलेल्या भेटीला लोणावळ्यातील एकदिवसीय पर्यटन म्हणता येते. लोणावळा हे थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ६२५ मीटर उंचीवर, बोरघाटाच्या माथ्याशी वसले आहे. लोहमार्गाने ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून १२८ किलोमीटर आणि पुण्यापासून ६४ किलोमीटर अंतरावर आहे. त्यामुळे दोन्ही महानगरांतून सकाळी निघून रात्रीपर्यंत घरी परतता येते. महाबळेश्वर किंवा माथेरान येथे पर्यटक बहुधा मुक्कामाच्या तयारीने जातो. लोणावळ्यात तो बरेचदा वाटेत थांबतो. या थांब्याने शहराची बाजारपेठ घडवली आहे. पावसाळ्यातील गर्दी आणि अपघात यांचे मूळही बऱ्याच अंशी त्यातच आहे.

संज्ञा

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटनविषयक आकडेवारीत रात्रीचा मुक्काम करणारा ‘पर्यटक’ आणि त्याच दिवशी परतणारा ‘एकदिवसीय अभ्यागत’ असा भेद केला जातो. पर्यटक जहाजातून (क्रूझ) बंदरात उतरून काही तासांनी जहाजावर परतणारा आणि रात्री तेथेच झोपणारा प्रवासी दुसऱ्या वर्गात मोडतो. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावरील ईडन किंवा गोव्यातील मुरगाव येथे जहाज लागले की गावात एकाच वेळी मोठा जमाव उतरतो आणि ठरलेल्या वेळी एकदम निघून जातो. लोणावळ्याला समुद्र नाही. (भारतीय नौदलाच्या अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्था मात्र १९४५ पासून याच डोंगरात आहे.) तरीही येथील पर्यटनाचे स्वरूप अशा बंदरांशी बरेच मिळतेजुळते आहे. फरक असा, की जहाजाच्या आगमनाची वेळ आणि प्रवाशांची संख्या बंदराला आधीच कळलेली असते. पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्यात किती माणसे येतील, हे आदल्या दिवशी कोणालाही सांगता येत नाही.

घाटमार्ग आणि थांबा

कोकणातील बंदरे आणि दख्खनचे पठार यांना जोडणारा बोरघाट प्राचीन काळापासून वापरात आहे. घाट चढून आलेला प्रवासी माथ्यावर विसावत असे. याची सर्वांत जुनी साक्ष परिसरातील लेण्यांत मिळते. कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट येथील यवनांची, तसेच शूर्पारक म्हणजे सोपारा या बंदरातून आलेल्या दात्याचीही नोंद आहे. ‘लोणावळा’ हे नाव लेण्यांच्या ओळीवरून पडले असावे, असे सांगितले जाते.

आधुनिक लोणावळ्याची घडण मात्र रेल्वेने केली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५६ साली घाटपायथ्याच्या खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८५८ साली माथ्यावरील खंडाळा ते पुणे हा मार्ग खुला झाला. मधला घाट तयार नव्हता. त्यामुळे मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी खोपोलीस उतरे, पालखीतून, तट्टावरून किंवा गाडीतून घाट चढे आणि खंडाळ्यास दुसऱ्या गाडीत बसे. या पाच वर्षांत थांबा हा प्रवाशाच्या आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता.

घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेल्या या मार्गावर २५ बोगदे होते आणि सर्वांत तीव्र चढ सदतीसास एक इतका होता, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर चढे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली, भारतात आल्यानंतर अल्पावधीतच मरण पावले. त्यानंतर त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी व्यवस्थापक नेमून कंत्राट पुरे करवून घेतले. १८६१ च्या सुमारास कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. अपघात, पटकी व ताप यांनी मरण पावलेल्यांची संख्या चोवीस-पंचवीस हजारांपर्यंत असावी, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे. घाटातून जाताना दिसणाऱ्या दृश्यांची वर्णने अनेक आहेत. या मजुरांची नावे मात्र बहुतेक कोठेही नोंदलेली नाहीत. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्‌घाटन झाले.

मार्ग सलग झाला, तरी थांबा संपला नाही. चढावर गाडीला मागून जोर देण्यासाठी कर्जत येथे जादा इंजिने (बँकर) जोडली जातात आणि लोणावळ्यास ती सोडली जातात. उलट दिशेने मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकची तपासणी घाटाच्या तोंडाशी करावी लागते. सुरुवातीच्या मार्गावर एका ठिकाणी गाडीची दिशाच बदलावी लागे. १९२९ साली नवी आखणी झाल्यावर ती गरज उरली नाही. पाठोपाठ विद्युतीकरण झाले आणि १ जून १९३० पासून मुंबई–पुणे ‘दख्खनची राणी’ धावू लागली. वाफेच्या इंजिनांना लागणाऱ्या पाण्यासाठी रेल्वेने इंद्रायणीच्या वरच्या प्रवाहावर भुशी येथे छोटे धरण बांधले होते. इंजिने गेली, धरण राहिले. आज ते लोणावळ्यातील सर्वाधिक गर्दीचे पर्यटनस्थळ आहे.

चिक्की

गाडीच्या काही मिनिटांच्या थांब्यात कोणता पदार्थ विकला जाईल, याला काही अटी असतात. तो तयार असावा लागतो, ताटवाटीशिवाय खाता यावा लागतो आणि घरी पोहोचेपर्यंत टिकावा लागतो. शेंगदाणा आणि गूळ यांपासून बनणारी चिक्की या सर्व अटी पूर्ण करते. भाजून सोललेले शेंगदाणे गुळाच्या पक्क्या पाकात घालून मिश्रण तूप लावलेल्या पाटावर लाटण्याने पसरवतात आणि गरम असतानाच त्याच्या वड्या पाडतात. पाक पुरेसा पक्का नसल्यास पावसाळी हवेत चिक्की चिवट होते व दाताला चिकटते. लोणावळ्याची हवा वर्षातील चार महिने दमट असते, त्यामुळे पाकाची परीक्षा आणि हवाबंद वेष्टन यांना येथील धंद्यात विशेष महत्त्व आहे. या पदार्थाला पूर्वी गुडदाणी म्हणत. घाटातील कामगारांना ती विकली जात असे, अशी स्थानिक आख्यायिका आहे. पुढे तीळ, काजू, डाळे, राजगिरा, खोबरे असे प्रकार वाढले. ‘मगनलाल’ हे नाव तर चिक्कीशी इतके जोडले गेले आहे, की प्रवाशांच्या बोलण्यात ते जवळजवळ सामान्यनामासारखे येते.

रेल्वे फलाटावरील ही विक्री पुढे महामार्गावर आली. मोटारीने जाणारा प्रवासी लोणावळ्यात फिरला नाही, तरी चिक्कीचा पुडा घेऊन घरी जातो. शहरात काही तास घालवणाऱ्यांचा इतर खर्च भजी, मक्याचे कणीस, चहा आणि रिक्षा यांवर होतो. हॉटेलांच्या तुलनेत टपरीवाले, फेरीवाले आणि रिक्षाचालक यांना या पर्यटनाचा थेट लाभ अधिक मिळतो. अपघातानंतर पर्यटनस्थळे बंद केली जातात, तेव्हा पहिला फटकाही त्यांनाच बसतो.

काही तासांत पाहण्याजोगी ठिकाणे

लोणावळ्याहून पुण्याकडे जाताना पुढचे स्थानक मळवली हे आहे. तेथून लोहमार्गाच्या एका बाजूस भाजे लेणी व लोहगड, तर दुसऱ्या बाजूस कार्ले लेणी आहेत. सर्वच ठिकाणे एका दिवसात गाठण्याचा प्रयत्न केला जातो, पण त्यात बहुतेक वेळ रस्त्यावर जातो. भाजे आणि लोहगड, किंवा कार्ले आणि भाजे, अशी जोडी दिवसाला पुरेशी ठरते.

कार्ले येथील चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब व १४ मीटर रुंद असून ते भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे मानले जाते. वैजयंती येथील श्रेष्ठी भूतपाल याच्या लेखात हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे म्हटले आहे. छताला बसवलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत, ही बाब घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटते. लेण्यांच्या दाराशीच एकवीरा देवीचे मंदिर आहे. ती किनाऱ्यावरील कोळी व आगरी समाजांची कुलदेवता असून चैत्रातील यात्रेला कोकणातून पालख्या येतात. येथे येणारा भाविक पर्यटकांच्या गणतीत धरायचा की नाही, हा प्रश्न उरतोच. घाट चढून येण्याची त्याची परंपरा मात्र थंड हवेच्या ठिकाणापेक्षा जुनी आहे.

भाजे येथील २२ लेणी कार्ल्याहून प्राचीन, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची आहेत. लोहगड हा ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. शहरालगत नागफणी, राजमाची पॉइंट, टायगर पॉइंट, तुंगार्ली तलाव आणि वळवण तलाव ही ठिकाणे आहेत. त्यांपैकी वळवण तलाव टाटांच्या जलविद्युत योजनेचा भाग आहे. या योजनेत माथ्यावर अडवलेले पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात सोडले जाते आणि १९१५ पासून तेथील वीज मुंबईला मिळू लागली.

वर्षापर्यटन आणि अपघात

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात पडतो. धरण भरून भुशीच्या सांडव्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागले की त्या पायऱ्यांवर बसण्यासाठी गर्दी उसळते. धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांवर छोटे धबधबे आहेत. धोका तेथे अधिक असतो.

३० जून २०२४ रोजी, रविवारी, पुण्यातील एकाच कुटुंबातील पाच जण भुशी धरणामागील अशाच एका धबधब्यात वाहून मरण पावले. मृतांत लहान मुले होती. प्रवाहाच्या मध्यभागी एका खडकावर हे कुटुंब उभे होते. पाणी वाढले आणि काठापर्यंत परतण्याची वाट बंद झाली.

असे का घडते, हे मावळच्या भूरचनेवरून समजते. येथील डोंगर काळ्या कातळाचे, तीव्र उताराचे आणि माथ्यावर पातळ मातीचे आहेत. पावसाळा सुरू झाल्यावर ही माती लवकर संपृक्त होते आणि पुढचा पाऊस न मुरता थेट ओढ्यात उतरतो. पाणलोट क्षेत्र लहान असल्याने पाणी तासांत नव्हे, मिनिटांत वाढते. वर, डोंगरावर जोराची सर कोसळत असताना खाली केवळ भुरभूर असू शकते, म्हणून खाली उभ्या असलेल्याला पूर्वसूचना मिळत नाही. पाणी अचानक गढूळ होणे, त्यात पालापाचोळा व काटक्या येणे आणि आवाज वाढणे या खुणा दिसल्या, तर लगेच काठावर येणे आवश्यक असते. कातळावर शेवाळ असते, आणि वेगाने वाहणारे गुडघाभर पाणीही प्रौढ माणसाचा तोल घालवू शकते. पोहता येणे येथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण प्रवाह माणसाला खडकांवर आपटत खाली नेतो. मावळातील ग्रामस्थ, गुराखी व स्थानिक बचावपथकांतील स्वयंसेवक यांना हे ओढे ठाऊक असतात. चार तासांसाठी आलेल्या पाहुण्याला ते पहिल्यांदाच दिसतात, आणि उरलेला वेळ थोडा असल्याने थांबून पाहण्याची त्याची तयारी नसते.

२०२४ च्या दुर्घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने जुलै महिन्यात भुशी धरणासह अनेक ठिकाणी पाण्यात उतरणे, धबधब्यांखाली बसणे व धोकादायक जागी छायाचित्रे काढणे यांवर प्रतिबंधात्मक आदेश लागू केले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, मावळातच तळेगाव दाभाडेजवळील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळून चार जणांचा मृत्यू झाला आणि पन्नासहून अधिक जण जखमी झाले. तो दिवसही रविवारच होता. आदेश ठरावीक स्थळांच्या यादीवर लागू होतात. एक स्थळ बंद झाले की गर्दी यादीत नसलेल्या दुसऱ्या ओढ्याकडे वळते, ही या उपायाची मर्यादा आहे.

रहदारी

२००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गाने लोणावळ्याचा प्रवास मोटारीने सुलभ केला आणि रेल्वेवर अवलंबून असलेली गर्दी रस्त्यावर आणली. पूर्वी येणाऱ्यांची संख्या निदान गाड्यांच्या क्षमतेने मर्यादित होती. मोटारींना तशी सीमा नाही. शहराकडून भुशीकडे जाणारा रस्ता अरुंद असल्याने पावसाळी शनिवार-रविवारी वाहनांच्या रांगा लागतात. अशा वेळी रुग्णवाहिका व स्थानिक रहिवासी दोघेही अडकतात. काही तासांसाठी आलेल्यांची दुपार अनेकदा या रांगेतच सरते. पुणे–लोणावळा लोकलने येऊन लवकर परतणे हा पर्याय त्या मानाने सोयीचा आहे.

घाटात खंडाळा ते खोपोली या टप्प्यावर द्रुतगती महामार्ग आणि जुना महामार्ग एकत्र येत असल्याने तेथे कोंडी होते. ती टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव असा सुमारे १३ किलोमीटरचा पर्यायी मार्ग आखण्यात आला. ‘मिसिंग लिंक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मार्गात दोन बोगदे आणि दरीवरील एक उंच पूल आहे. त्यांपैकी मोठ्या बोगद्याची आखणी लोणावळा तलावाच्या खालून आहे.