माळावर अंतर कसे मोजतात?
केमभोवतीच्या (ता. करमाळा) उघड्या माळरानावर नजर सहज फसते. मध्ये झाडझुडूप नसले आणि ऊन लख्ख असले की लक्ष्य जवळ भासते. अंधुक उजेडात तेच लांब वाटते. म्हणून दुर्बिणीतल्या मिलखुणांचा (मिल म्हणजे कोन मोजायचे छोटे एकक) आधार घेतात. लक्ष्याची मीटरमधली उंची गुणिले १०००, भागिले मिल, म्हणजे मीटरमध्ये अंतर. खांद्याशी ०.८ मीटर उंचीचे काळवीट २ मिल भरले, तर ते ४०० मीटरवर. गोम आहे ती उंचीत: ती १० टक्के चुकीची धरली की अंतरही तितकेच चुकते. लेझर अंतरमापक हा हिशेबच वाचवतो. काळविटाच्या शिकारीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. प्राणिगणनेत मात्र घनता काढण्यासाठी असेच अंतर नोंदवावे लागते.