न दिसणाऱ्या दातांची तपासणी

वर्षाचं मूल खुदकन हसलं की सहा-आठ दात दिसतात. गडचिरोलीतल्या मुलचेऱ्यात असो की मुंबईत, घरातली माणसं तेवढेच मोजतात. पण त्या वेळी हिरडीखाली दुधाचे उरलेले बारा-चौदा दात तयार होत असतात आणि त्यांच्याही मागे, जबड्याच्या हाडात, डझनाहून अधिक कायमच्या दातांचं काम सुरू झालेलं असतं. सहाव्या वर्षी उगवणारी पहिली कायमची दाढ तर जन्माच्या सुमारासच घडू लागते. सहा वर्षांच्या मुलाच्या जबड्यात दिसणारे आणि दडलेले मिळून चाळीसहून अधिक दात असतात!

म्हणूनच बालदंतवैद्यांच्या संघटना सांगतात, पहिला दात आल्यावर, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाला दाखवून आणा. 'दुधाचेच तर आहेत, पडतील' म्हणणाऱ्या आजीला हे खूळ वाटणं साहजिक आहे. पण दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकाव्या लागतात. त्यांच्या मुळाशी पू झाला, तर खाली घडत असलेल्या कायमच्या दाताच्या कवचावर डाग किंवा खड्डा पडू शकतो. डॉक्टर बघतात वरचा दात, राखतात खालचा.

हे कवच, म्हणजे एनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. ते घडवणाऱ्या पेशी रोज काही सहस्रांश मिलिमीटर एवढाच थर चढवतात. सूक्ष्मदर्शकाखाली या रोजच्या वाढीच्या खुणा सागाच्या कापलेल्या बुंध्यावरच्या वर्तुळांसारख्या दिसतात. दुधाच्या दातात त्यांतली एक रेघ ठळक असते. ती जन्माच्या वेळची. आईच्या पोटात घडलेलं एनॅमल रेघेच्या एका बाजूला, जन्मानंतरचं दुसऱ्या बाजूला.

दात बाहेर येता येता एनॅमल घडवणाऱ्या पेशी मरून जातात. लाळेतल्या क्षारांनी बारीकसारीक झीज भरून निघते, पण पडलेला खड्डा शरीर स्वतःहून कधीच बुजवत नाही. उंदराचं तसं नाही. त्याच्या पुढच्या दातांच्या मुळाशी या पेशी जन्मभर नव्याने तयार होत राहतात, म्हणून ते दात झिजतात तसे वाढतातही. पडलेला दात उंदराच्या बिळात टाकून 'तुझा दात मला दे' म्हणणाऱ्या पोरांनी मागणं अगदी नेमकं निवडलंय.

दंतवैद्यांच्या पहिल्या भेटीत बहुधा सुईही नसते आणि मशीनही नसतं. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसतं, मग हळूच मागे आडवं होतं आणि त्याचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर येतं. आईचा चेहरा समोर दिसत राहतो. ते रडलं तरी चालतं, रडताना तोंड छान उघडतं! डॉक्टर बोटाने वरचा ओठ उचलून हिरडीलगत बघतात. तिथे खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली पायरी. या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप आणि नीट घासणं एवढ्यावर दात सावरू शकतो. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला की उशीर झाला. हे ओठ उचलून बघणं घरीही महिन्यातून एकदा सहज जमतं. रात्री गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलांमध्ये कीड बहुधा इथूनच सुरू होते, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

मुलचेरा तालुक्यातल्या आतल्या गावातून दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे मजुरी बुडते. पण सुरुवात गावातच करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावं अशी योजना आहे, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत दातांचे आजारही आहेत. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. 'दात बघितले का?' असं तोंडाने विचारा. पुढे पाठवायचं ठरलं तर अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय आहे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे पाणी. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा-भद्रावतीकडच्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळलंय. खडकातली खनिजं विरघळून ते पाण्यात उतरतं. थोडं फ्लोराइड दाताला बळ देतं, जास्त झालं की घडत्या एनॅमलमध्ये दोष राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालतं. वरच्या पुढच्या कायमच्या दातांसाठी साधारण सव्वा ते अडीच वर्षांचं वय सगळ्यात नाजूक. म्हणजे सातव्या वर्षी आरशात दिसणारे पांढरे-तपकिरी पट्टे दुसऱ्या वर्षी प्यायलेल्या पाण्याचे असू शकतात! पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, तेवढं ते उलट दाट होतं.

तेव्हा डॉक्टरांकडे जाण्याआधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठा. मूल ज्या हापशीचं पाणी पितं, तिच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे ते विचारा, तपासणी झाली नसेल तर नमुना पाठवायला लावा. तो आकडा चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना द्या. तोवर तीन वर्षांखालच्या मुलाच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट घ्या. आकडा पाहून डॉक्टर पेस्ट कोणती आणि लेप द्यायचा की नाही, हे ठरवतील.