समुद्राची भिंत आणि कैदी क्रमांक ९८४३

गुन्हेगारांना समुद्रापार धाडण्याच्या ब्रिटिश पद्धतीचे मराठी वाचकाला परिचित असलेले रूप म्हणजे अंदमानचे काळे पाणी. परंतु १८५८ मध्ये अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू झाली, त्याच्या सत्तर वर्षे आधीपासून इंग्लंड आणि स्कॉटलंडमधले, व थोड्याच काळाने आयर्लंडमधलेही, कैदी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरवले जात होते. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत तिकडे गेलेल्या सुमारे १,६२,००० कैद्यांपैकी अंदाजे चौथा हिस्सा आयरिश होता. त्यांतले बहुसंख्य लोक चोरीसारख्या गुन्ह्यांत सापडलेले गरीब होते आणि राजकीय कैदी, आयरिश लोकस्मृती काहीही सांगो, त्या मानाने थोडेच होते. मात्र जॉन बॉईल ओ'रायली या राजकीय कैद्याच्या आयुष्यात ही सारी व्यवस्था कशावर उभी होती आणि कुठे पोकळ होती, हे फार स्पष्ट दिसते.

ओ'रायलीचा जन्म २८ जून १८४४ रोजी बॉइन नदीकाठच्या डाउथ या गावी एका शाळामास्तराच्या घरी झाला. तो वर्षभराचा असतानाच बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये दुष्काळाला तोंड फुटले, ज्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या पिढीच्या मनातला इंग्रजी सत्तेविषयीचा राग याच काळातला आहे. छापखान्यात उमेदवारी आणि इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरी वृत्तपत्रात काम केल्यावर तो १८६३ मध्ये दहाव्या हुसार्स या ब्रिटिश घोडदळाच्या पलटणीत भरती झाला. आयर्लंडचे स्वतंत्र प्रजासत्ताक स्थापण्यासाठी १८५८ मध्ये उभ्या राहिलेल्या गुप्त संघटनेने, म्हणजे फेनियनांनी, ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश शिपायांना फोडण्याचे काम हाती घेतले होते आणि ओ'रायली त्यात सामील झाला. १८६६ च्या आरंभी तो पकडला गेला. बंडाचा कट माहीत असूनही त्याने वरिष्ठांना कळवले नाही, या आरोपावरून लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड ठोठावला आणि नंतर त्याऐवजी वीस वर्षांची सक्तमजुरी दिली.

ऑक्टोबर १८६७ मध्ये 'हूगोमाँ' हे जहाज सुमारे २८० कैदी घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे निघाले, त्यांत ६२ फेनियन होते. त्यांनी वाटेत 'द वाइल्ड गूस' नावाचे हस्तलिखित साप्ताहिक चालवले आणि त्याचे सात अंक काढले. युरोपातल्या परक्या सैन्यांत चाकरीला गेलेल्या आयरिश सैनिकांना 'रानहंस' म्हणत, त्यावरून हे नाव घेतले होते. कैद्यांच्या जहाजावर वृत्तपत्र निघावे, ही गोष्ट त्या ६२ जणांविषयी पुष्कळ काही सांगते. जानेवारी १८६८ मध्ये जहाज फ्रीमँटल बंदराला लागले. ऑस्ट्रेलियात कैदी घेऊन गेलेले ते शेवटचे जहाज ठरले.

पूर्वेकडच्या वसाहतींना कैदी नकोसे झालेले असताना पश्चिम ऑस्ट्रेलियाने ते १८५० पासून मागवून घेतले होते, कारण १८२९ मध्ये वसलेल्या या वसाहतीला मजूर मिळत नव्हते. अठरा वर्षांत आलेल्या नऊ हजारांवर कैद्यांनी, आणि ते सर्व पुरुष होते, रस्ते, पूल आणि स्वतःला कोंडण्यासाठी फ्रीमँटलचा चुनखडीच्या दगडांचा तुरुंगही बांधला. अनेक कैदी तुरुंगाबाहेर, जंगलातल्या तळांवर राहून रस्त्याचे काम करीत, कारण एका बाजूला शेकडो मैलांचे रान आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असताना पळणारा जाईल कुठे, असा सरकारचा हिशेब होता. कैदी क्रमांक ९८४३, म्हणजे ओ'रायली, बनबरी गावाजवळच्या अशाच एका तळावर पाठवला गेला. लिहिता-वाचता येत असल्यामुळे त्याच्याकडे तळाचे कागदपत्र पोहोचवण्याचे काम आले आणि त्यामुळे त्याला पुष्कळ मोकळेपणाने फिरता येई. तरीही डिसेंबर १८६८ मध्ये त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. पुढची अठरा वर्षे समोर दिसत असताना फिरण्याची मोकळीक माणसाला तारत नाही, एवढे यावरून कळते.

सरकारचा हिशेब रानाबाबत बरोबर होता, समुद्राबाबत मात्र चुकला. देवमाशांच्या शिकारीसाठी न्यू इंग्लंडमधून निघालेली अमेरिकन जहाजे या किनाऱ्याला नेहमी येत आणि त्यांच्या कप्तानांना ब्रिटिश कायद्याचे फारसे सोयरसुतक नसे. शिवाय वसाहतीत स्थायिक झालेले आयरिश शेतकरी आणि कॅथलिक धर्मगुरू होतेच. फादर पॅट्रिक मॅककेब यांनी योजना आखली. त्यानुसार फेब्रुवारी १८६९ मध्ये ओ'रायली तळावरून निसटला. ठरलेले 'व्हिजिलंट' हे जहाज त्याच्या होडीकडे लक्ष न जाता पुढे निघून गेले, तेव्हा शेतकरी मित्रांनी त्याला दुसरी सोय होईपर्यंत लपवून ठेवले. मार्चच्या आरंभी 'गॅझेल' या जहाजाने त्याला घेतले. मॉरिशसच्या पूर्वेकडच्या रॉड्रिग्ज बेटावर ब्रिटिश अधिकारी जहाजाची झडती घ्यायला आले, तेव्हा हेन्री हॅथवे या जहाजावरच्याच अधिकाऱ्याने ओ'रायलीने समुद्रात उडी टाकून जीव दिल्याचा बनाव रचून त्याला वाचवले. पुढे जहाजे बदलत तो लिव्हरपूलला आला आणि तेथून 'बॉम्बे' नावाच्या अमेरिकन जहाजाने नोव्हेंबर १८६९ मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचला. या सुटकेत त्याचे धैर्य होतेच, पण ते एकट्याचे धैर्य असते तर तो बनबरीच्या वाळूतच सापडला असता.

बॉस्टनमध्ये तो 'द पायलट' या आयरिश कॅथलिक वृत्तपत्राचा संपादक झाला, कवी म्हणून नावारूपाला आला आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या हक्कांसाठी, त्या काळच्या अनेक आयरिश पुढाऱ्यांना न रुचेल इतक्या स्पष्टपणे, लिहीत राहिला. वसाहतीतल्या अनुभवावर त्याने 'मूनडाइन' ही कादंबरी लिहिली. मागे राहिलेल्या सोबत्यांना तो विसरला नव्हता. नागरी फेनियनांना १८६९ आणि १८७१ मध्ये माफी मिळाली होती, परंतु शपथ मोडणारे शिपाई म्हणून लष्करी फेनियनांना ती नाकारली गेली. अमेरिकेतल्या 'क्लॅन ना गेल' या संघटनेने त्यांना सोडवण्याचे ठरवले, तेव्हा ओ'रायलीने देवमासे मारणारे जहाज वापरावे असा सल्ला दिला आणि तोवर न्यू बेडफर्डला स्थायिक झालेल्या हॅथवेची गाठ घालून दिली. 'कटाल्पा' हे जहाज याच कामासाठी विकत घेतले गेले आणि एप्रिल १८७६ मध्ये त्याने सहा कैद्यांना उचलले. पाठलागावर आलेली तोफधारी आगबोट इशाऱ्याचा गोळा सोडण्यापलीकडे काही करू शकली नाही, कारण कप्तान जॉर्ज अँथनी यांनी अमेरिकन निशाणाकडे बोट दाखवून आपण खुल्या समुद्रात असल्याची जाणीव तिला करून दिली.

१८८५ मध्ये कॅनडातल्या आयरिश लोकांनी ओ'रायलीला सेंट पॅट्रिक दिनाच्या भाषणासाठी बोलावले, तेव्हा तेथे पाऊल ठेवण्यासाठी ब्रिटिश सरकारकडे अभय मागण्यात आले आणि गृहमंत्री विल्यम हार्कोर्ट यांनी ते नाकारले. १० ऑगस्ट १८९० रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, मॅसॅच्युसेट्समधल्या हल या गावी त्याचा मृत्यू झाला, तेव्हाही ब्रिटिश कायद्याच्या लेखी तो फरारी कैदीच होता.